साथीच्या दिवसांतील मन आणि शेजार

(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त सभागृहांत झालेलें भाषण)



अमृतमहोत्सवाच्या प्रसंगीं वक्त्यानें कांहीं गोड बोलावें, पूर्वजांच्या श्रमांचें स्मरण करावें, बांधलेल्या भिंती आणि चढविलेल्या घंटा मोजाव्या, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तहि आहे. महोत्सव समितीनें आम्हांस जो विषय दिला तो मात्र गोड नाहीं. पाऊणशें वर्षांच्या इतिहासांत आपल्या चर्चचे दरवाजे महिनेच्या महिने बंद राहिले असा काळ एकदांच आला. मार्च २०२० मध्यें ते लागले, ते १६ नोव्हेंबर रोजीं उघडले. एप्रिल २०२१ मध्यें पुनः लागले, ते ७ ऑक्टोबर रोजीं उघडले. त्या काळांत शरीरांचें काय झालें याची मोजदाद झाली. आंकडे रोज सायंकाळीं घरोघर ऐकूं येत. मनांचें काय झालें याची मोजदाद आपल्या धर्मग्रामांत तरी कोणीं केली नाहीं. ती अल्पशी करावी, एवढाच या भाषणाचा हेतु.

आम्ही वैद्य नव्हों. चाळीस वर्षें मुलांस गणित शिकविण्यांत गेलीं, आणि निवृत्तीनंतर सेंट व्हिन्सेंट डी पॉल सभेच्या कामानिमित्त घरोघर जाण्याचा योग आला. तेव्हां जें सांगूं तें कांहीं वाचलेलें, कांहीं पाहिलेलें, आणि कांहीं आमच्या हातून घडलेलें आहे.

मनाचें दुखणें ज्याचें त्याचें, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. एखादा मनुष्य उदास झाला, रात्र रात्र जागूं लागला, कीं आपण म्हणतों, त्याचें मन मुळांतच कमकुवत. तो नेमानें मिस्सेला येणारा असला तर म्हणतों, त्याची श्रद्धा डळमळली. या समजुतींत सोय फार आहे, कारण ती मान्य केली म्हणजे शेजाऱ्यावर कोणतीच जबाबदारी उरत नाहीं. परंतु त्या दोन वर्षांनीं ती खोटी पाडली. जागतिक आरोग्य संघटनेनें मार्च २०२२ मध्यें असें प्रसिद्ध केलें कीं, साथीच्या पहिल्या वर्षांत चिंता व विषण्णता या विकारांचें जगांतील प्रमाण शेंकडा २५ नें वाढलें, आणि हा भार तरुणांवर व स्त्रियांवर अधिक पडला. एका वर्षांत जगांतील इतक्या माणसांचीं मनें एकाएकीं कमकुवत झालीं, असें कोणी म्हणूं शकेल काय? मनें तींच होतीं. त्यांच्या भोंवतालचें जग मोडलें होतें. आपल्या देशांत तर साथीपूर्वींहि स्थिति बरी नव्हती. बंगलोरच्या निमहान्स संस्थेनें २०१५-१६ सालीं बारा राज्यांत केलेल्या पाहणींत प्रौढांपैकीं शेंकडा १०.६ लोक कोणत्या ना कोणत्या मनोविकारानें त्या वेळीं ग्रस्त आढळले होते, आणि त्यांतील बहुतेकांस उपचार मिळालेला नव्हता.

मनाचें दुखणें समाजांत मुरलेलें असतें, हा विचार नवा नाहीं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखेम यानें १८९७ सालीं आत्महत्या या विषयावर आपला सुप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. जें कृत्य सर्वांत खासगी, सर्वांत एकट्याचें म्हणून आपण समजतों, तें कोणत्या समाजांत किती घडेल हें त्या समाजांतील माणसें कुटुंबानें, धर्मानें व धंद्यानें एकमेकांस किती घट्ट बांधलेलीं आहेत यावर अवलंबून असतें, असें त्यानें आंकड्यांवरून प्रतिपादन केलें. त्याच्या कोष्टकांत कॅथलिक प्रांतांतील प्रमाण प्रॉटेस्टंट प्रांतांहून कमी होतें. हें ऐकून कोणाची मान ताठ होण्यापूर्वीं दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पुढील पंडितांनीं त्या आंकड्यांविषयीं पुष्कळ शंका घेतल्या आहेत, ही एक. दुसरी ही कीं, दुरखेमनें त्याचें श्रेय आपल्या शिकवणुकीस दिलेंच नव्हतें. त्या कृत्याचा निषेध दोन्ही पंथ सारखाच करतात हें त्यानेंच दाखविलें आहे. श्रेय दिलें तें त्या शिकवणुकीभोंवतीं जमलेल्या सहजीवनास. तेव्हां सहजीवन सुटलें तरी बाप्तिस्म्याच्या नोंदवहींतील नांव आपणांस सांवरून धरील, अशा भ्रमांत कोणी राहूं नये.

तो ग्रंथ पॅरिसला छापला जात होता त्याच सुमारास आपल्या मुंबईंत प्लेगानें थैमान मांडलें होतें. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत तो प्रथम ओळखला तो डॉ. आकासियो व्हिएगस या गोमंतकीय कॅथलिक वैद्यानें. त्याचा पुतळा धोबीतलावाजवळ आजहि उभा आहे. फेब्रुवारी १८९७ मध्यें साथीच्या रोगांचा कायदा अंमलांत आला. घरांच्या झडत्या सुरू झाल्या. रोग्यांस आणि कधीं नुसत्या संशयितांस उचलून इस्पितळांत नेण्यांत येऊं लागलें. परक्या पुरुषांनीं स्त्रियांस तपासावें असे प्रसंग आले. कायदा होण्यापूर्वींच, ऑक्टोबर १८९६ मध्यें, गिरणीकामगारांनीं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. २२ जून १८९७ रोजीं पुण्यास रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. मार्च १८९८ मध्यें मुंबईंत पुनः दंगल झाली. इतिहासकार या घटना राजकारणाच्या प्रकरणांत घालतात, आणि तें योग्यच आहे. आम्हांस त्या मनाच्या प्रकरणांतहि घालाव्याशा वाटतात. त्या लोकांस मरणाचें भय नव्हतें असें नाहीं. पण त्याहून मोठें भय होतें तें आपल्या माणसांतून उचललें जाऊन परक्यांत मरण्याचें.

त्याच वर्षांचे दुसरे अवशेष वांद्र्याच्या गल्ल्यांतून, गिरगांवांत, माझगांवच्या म्हातारपाखाडींत दिसतात. चौकाचौकांत दगडी क्रूस उभे आहेत. लोक त्यांस प्लेगचे क्रूस म्हणतात. साथीच्या दिवसांत त्या त्या गांवठाणांतील लोक सायंकाळीं तेथें जमत, दिवा लावीत, एकत्र रोझरी म्हणत. प्लेग हा उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हें पॉल-लुई सिमों यानें १८९८ सालीं कराचींत दाखवून दिलें. गाठीचा तो रोग उघड्या चौकांत शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभें राहिल्यानें सहसा लागत नसे. म्हणजे आपल्या पूर्वजांनीं नकळत जो उपाय शोधला तो मनास हितकारक होता आणि शरीरास फारसा अपायकारक नव्हता. २०२० सालीं आपलें दुर्दैव असें कीं, रोग श्वासावाटे जाणारा निघाला. क्रुसाभोंवतीं जमणें हाच अपाय ठरला. औषध खरें होतें, आवश्यक होतें, त्यानें पुष्कळ जीव वांचले, याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र संशय नाहीं. पण तेंच औषध मनाच्या मुळावर आलें.

त्या औषधास नांव पडलें तेंहि वाईट. जिकडे तिकडे पाट्या लागल्या, 'सामाजिक अंतर पाळा.' वास्तविक पाळावयाचें होतें तें शरीरांतील अंतर, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेंहि मार्च २०२० मध्येंच 'शारीरिक अंतर' असा शब्द अधिक बरा म्हणून सुचविला होता. पण पहिला शब्द रूढ झाला तो झाला. ज्या देशांत शतकानुशतकें एका माणसानें दुसऱ्यापासून सामाजिक अंतर पाळलें, त्या देशांत हा शब्द किती सहज जिभेवर बसला याचें आम्हांस आजहि आश्चर्य वाटत नाहीं.

'घरींच राहा, सुरक्षित राहा,' असें सांगण्यांत येई. घर म्हणजे काय, हें सांगणाऱ्याच्या घरावर अवलंबून होतें. जुलै २०२० मध्यें मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणीची पाहणी झाली. झोपडपट्टींत राहणाऱ्यांपैकीं शेंकडा ५७ जणांच्या रक्तांत त्या रोगाच्या स्पर्शाची खूण सांपडली. त्याच विभागांतील इतर वस्तींत शेंकडा १६ जणांच्या. शहर तेंच, महिना तोच, रोग तोच. फरक भिंतींचा, पाण्याच्या नळाचा आणि सार्वजनिक शौचालयापुढील रांगेचा. आतां विचार करा, दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलींत सात माणसें, त्यांतलें एक खोकूं लागलें, तर उरलेल्या सहांच्या मनांत रात्रभर काय चालत असेल? त्यांची चिंता हा आजार म्हणावा, कीं वस्तुस्थितीचें अचूक ज्ञान म्हणावें?

मजुरीचें तेंच. २४ मार्च २०२० रोजीं रात्रीं आठ वाजतां टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांनीं लागू झाली. ज्याचा संसार रोजच्या रोजीवर, त्यास चार तासांत काय करतां येणार? १४ एप्रिल रोजीं वांद्रे स्टेशनाबाहेर हजारों मजूर गांवीं जाण्याच्या आशेनें जमले, त्यांस पांगविण्यांत आलें. ८ मे रोजीं पहाटे औरंगाबाद जिल्ह्यांत करमाडजवळ रुळांवर थकून झोंपलेले सोळा मजूर मालगाडीखालीं सांपडले. ते मध्यप्रदेशाकडे पायीं निघाले होते. रुळांवर त्यांच्या भाकरी विखुरलेल्या होत्या, तें चित्र आपण सर्वांनीं वर्तमानपत्रांत पाहिलें. अशा माणसाला 'मन शांत ठेवा, दीर्घ श्वास घ्या' असा उपदेश करणें ही क्रूर थट्टा होय. त्याच्या मनाचें औषध वेतन, शिधा आणि गांवची गाडी हेंच होतें.

आपल्या वसईच्या पट्ट्यांत उपासमार तितकी नव्हती, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. वाडी होती, विहीर होती, भाजीपाला होता. पण आपलें जीवन लोकलगाडीच्या रुळांस बांधलेलें. २३ मार्चपासून गाड्या थांबल्या. १५ जूनला सुरू झाल्या त्या केवळ अत्यावश्यक सेवेंतील लोकांकरितां. २१ ऑक्टोबरपासून स्त्रियांस ठराविक वेळीं मुभा मिळाली. सर्वांस १ फेब्रुवारी २०२१ पासून, तीहि वेळेचें बंधन घालून. दादरचा फुलबाजार बंद. झाडांस कांहीं साथ कळत नाहीं; सोनचाफा फुलतच होता. आमच्या ओळखीचे एक बागाईतदार पहांटे चारला उठून, कंदील घेऊन, नेहमीप्रमाणें कळ्या खुडीत, मोजून पानांत बांधीत, आणि उजाडल्यावर त्या खताच्या खड्ड्यांत टाकून देत. असें त्यांनीं सात आठवडे केलें. घरच्यांनीं विचारलें तर म्हणत, "हाताला दुसरें कांहीं ठाऊक नाहीं." पैशाची चणचण त्यांना होती, नाहीं असें नव्हे. पण मनुष्यास कामांतून नुसता पैसा मिळत नाहीं. उठण्याचें कारण मिळतें, गाडींतील ठरलेला डबा मिळतो, डब्यांतील चार ठरलेलीं माणसें मिळतात. पुढें गाड्या सुरू झाल्यावर त्यांतील एक माणूस राहिलेला नाहीं असें त्यांस कळलें. त्याचें पूर्ण नांव त्यांस ठाऊक नव्हतें. वीस वर्षें ते त्याला 'नालासोपारा' म्हणत.

आपल्यांतील कित्येकांचे मुलगे बोटींवर व आखातांत आहेत. २०२० सालाच्या अखेरीस जगांत सुमारें चार लाख खलाशी करार संपूनहि बोटींवर अडकून पडले होते. त्यांच्या आयांनीं ते महिने कसे काढले हें त्या आयांनींच सांगावें; आम्ही पुढें जातों.

स्त्रियांविषयीं फार बोलण्याची गरज नाहीं, कारण घरांत बसलेल्या प्रत्येक पुरुषानें आपली भाकर कोण भाजतें हें त्या काळांत पाहिलें, आणि पाहूनहि बहुतेकांनीं हात पुढें केला नाहीं. जेथें घरांतच मारहाण होती, तेथें टाळेबंदीनें दाराला बाहेरून कडी लावली. राष्ट्रीय महिला आयोगास एप्रिल २०२० मध्यें तक्रारींकरितां मोबाईलवरून संदेश पाठविण्याचा निराळा क्रमांक जाहीर करावा लागला, कारण एकाच खोलींत नवरा बसलेला असतां बाईनें बोलावें कसें? मुलांचें म्हणाल तर मुंबईंतील पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ रोजीं, म्हणजे एकवीस महिन्यांनीं उघडले. ज्या मुलानें पहिलींत पाऊल ठेवावयाचें तें एकदम दुसरींत जाऊन बसलें. शिक्षक या नात्यानें आम्हांस पाढ्यांची काळजी वाटत होती. आतां वाटतें, पाढे भरून निघतात. मधल्या सुटींत भांडून पुनः मैत्री करण्याची विद्या कोणत्या वर्गांत भरून काढावी, हें आम्हांस अजून सुचलेलें नाहीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें भाषण आम्हीं स्वीकारलें तिच्याकडे येतों.

मार्च २०२० पासून महाराष्ट्रांत घरीं विलग राहावयाच्या लोकांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारीत, आणि पुढें घरांच्या दारांवर कागदहि चिकटविले जात. हेतु चांगला होता. पण शिक्का मारलेला हात पाहतांच लोक गाडींतून उतरवूं लागले, आणि कागद लागलेल्या घरावरून जातांना पलीकडच्या कडेनें जाऊं लागले. रोग बरा होई, कागद फाटे, पण दृष्टि तीच राही. दारावर असे कागद सरसकट लावूं नयेत असें सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२० मध्यें सांगितलें. डॉक्टर व परिचारिका यांस घरमालक घराबाहेर काढूं लागले, त्यांच्यावर हल्ले होऊं लागले, म्हणून एप्रिल २०२० मध्यें सरकारला तोच १८९७ सालचा कायदा दुरुस्त करून अशा हल्ल्यांस शिक्षा ठेवावी लागली. एकदां रोग्यांस जबरीनें उचलण्याकरितां केलेला कायदा सव्वाशें वर्षांनीं शुश्रूषा करणारांस आपल्याच शेजाऱ्यांपासून वांचविण्याकरितां उपयोगांत यावा, हा मोठा चमत्कारिक योग होय.

आमच्या वाड्यांतील एक मुलगी मुंबईंत परिचारिका आहे. घरीं एकटी विधवा आई. जून महिन्यांत मुलगी एस. टी. च्या बसनें कामावर जाऊन येऊन होती. वाड्यांत कुजबूज सुरू झाली. पंधरा-वीस जण आमच्याकडे आले व म्हणाले, मास्तर, तुमचा शब्द ती माउली मोडणार नाहीं, तुम्हीच सांगा. आम्ही गेलों. फाटकाबाहेर उभे राहिलों. म्हणालों, "बाय, थोडे दिवस पोरीला तिकडेच राहूं दे. तुमच्याच भल्याचें आहे." त्या ओटीवर उभ्या होत्या. म्हणाल्या, "मास्तर, आंत येऊन बोला." आम्ही आंत गेलों नाहीं. बोलणें तेथेंच संपलें.

मुलगी इस्पितळाच्या वसतिगृहांत अकरा आठवडे राहिली. या अकरा आठवड्यांत त्या घराकडे कोणी फिरकलें नाहीं. रोग तेथें कधींच नव्हता. आईसहि नाहीं, मुलीसहि नाहीं. प्रथम त्यांनीं ओटी झाडणें सोडलें. मग वेदीपुढील दिवा लावणें सोडलें. मग फोन वाजला तरी उचलीनात. मुलगी परत आली तेव्हां आई रात्रींतून चार-पांच वेळां उठून फाटकाची कडी चांचपून पाही. कोण येणार आहे असें विचारलें, तर सांगे, "कोणी येणार नाहीं." पुढें दीड वर्ष सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागांत त्यांचें औषध चाललें. आतां पुष्कळ बरें आहे.

हें आम्ही त्या दोघींच्या संमतीनें सांगत आहों. मुलीनें एकच अट घातली. ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही भाषणांत 'आम्ही' म्हणतां. ऐकणाऱ्यांना वाटेल, सगळा वाडाच गेला होता." तेव्हां स्पष्ट सांगतों. फाटकाशीं जे गेले ते एकटे होते, आणि ते आज आपल्यापुढें बोलत आहेत. त्या माउलीचें दुखणें त्यांच्या मनांत उपजलेलें नव्हतें. तें आमच्या पायांनीं फाटकापर्यंत चालत गेलें.

शोकाची गोष्ट याहून निराळी, पण तिचेंहि मूळ तेंच. आपल्याकडे मरण ही एकट्या घराची बाब कधींच नव्हती. घंटा वाजली कीं वाडा जमतो; कोणी फुलें आणतो, कोणी कबर खणणारांस बोलावितो, शेजारच्या घरून पेज येते, कारण त्या घरांत चूल पेटत नाहीं. रात्रीं रोझरी, सातव्या दिवसाची मिस्सा, महिन्याची मिस्सा. बाहेरच्यांस हे निव्वळ विधि वाटतात. वस्तुतः ही शोकाची वाट आहे; पिढ्यांनीं पायांनीं मळलेली. २०२० व २१ मध्यें ती वाट बंद झाली. आई रुग्णवाहिकेंत चढली ती शेवटची दिसली. पुढें एक बांधलेलें गांठोडें आणि पांढऱ्या पोशाखांतील चार अनोळखी माणसें. कित्येकांस कबरेऐवजीं दहन पत्करावें लागलें. ३० मार्च २०२० रोजीं मुंबई महापालिकेनें धर्म कोणताहि असो, सर्व प्रेतांचें दहनच करावें असें परिपत्रक काढलें व त्याच दिवशीं फिरविलें. पण त्या एका दिवसानें जी धास्ती बसली ती बसलीच. दहन केल्यानें आपल्या माणसाच्या पुनरुत्थानास बाध आला काय, असा प्रश्न आम्हांस वृद्ध स्त्रियांनींच नव्हे, तर पदवीधर मुलांनींहि विचारला. चर्चनें दहनास १९६३ सालींच परवानगी दिलेली आहे, आणि अस्थि पवित्र स्थळीं ठेवाव्या असें २०१६ सालीं सांगितलें आहे. ही साधी माहिती आपण वेळेवर दिली असती तर किती रात्रींची झोंप वांचली असती! एक मुलगा आम्हांस म्हणाला कीं, बाप मेला हें त्यास कळतें, पण पटत नाहीं. कोणीच रडलें नाहीं, मग मेला कसा? तो त्या वेळीं एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या बापाची महिन्याची मिस्सा अखेर झाली ती नोव्हेंबर २०२१ मध्यें. घरचीं सोडून चाळीस माणसें आलीं. मुलगा त्या दिवशीं प्रथम मोठ्यानें रडला, आणि आईनें म्हटलें, बरें झालें.

आणखी एक विषय आहे, ज्याचें नांव आपण सभागृहांत काढीत नाहीं. सरकारी नोंदीप्रमाणें आपल्या देशांत २०१९ सालीं १,३९,१२३ लोकांनीं आत्महत्या केली. २०२० सालीं १,५३,०५२. २०२१ सालीं १,६४,०३३. या शेवटच्या आंकड्यांतील चौथ्या हिश्शाहून अधिक लोक रोजंदारीवर पोट भरणारे होते. राज्यांत पहिला क्रमांक महाराष्ट्राचा होता. साथीनेंच हें सर्व घडविलें असें आम्ही म्हणत नाहीं. एका कृत्यामागें पुष्कळ कारणें असतात. परंतु रोजंदारीचा हा हिस्सा पाहिल्यावर मनाच्या कमकुवतपणाची गोष्ट पुनः कोणीं काढूं नये.

अशा मृत्यूनंतर घरचे लोक खरें कारण लपवितात. त्यांस भय वाटतें, चर्चमध्यें अंत्यविधि मिळणार नाहीं. हें भय निराधार नव्हतें; १९१७ च्या धर्मसंहितेंत तशी बंदी होती. पण १९८३ च्या संहितेनें ती काढून टाकली, आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथांत अशा माणसाच्या मनावरील तीव्र व्यथेनें त्याची जबाबदारी कमी होते, आणि चर्च त्याच्यासाठीं प्रार्थना करतें, असें सांगितलें आहे. देशाचा कायदाहि त्याच दिशेनें गेला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्याच्या शुश्रूषेचें कर्तव्य सरकारवर टाकलें. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेंत जुनें ३०९ कलम राहिलेलें नाहीं. चर्चनें दार उघडलें, सरकारनें दार उघडलें. वाड्याचें दार तेवढें लागलेलें आहे.

ज्यांस आज असा काळोख वाटत असेल, त्यांनीं व त्यांच्या घरच्यांनीं एक क्रमांक लिहून घ्यावा: १४४१६. सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस नांवाची ही सेवा सुरू केली. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते, आणि मराठींत बोलतां येतें. डॉक्टरांकडे जाण्यास लाजूं नये. मधुमेहाची गोळी घेतांना आपण श्रद्धेची परीक्षा देत नाहीं, तशीच ही.

पण डॉक्टर फाटकाच्या आंत रोज येऊं शकत नाहीं. म्हणून फादर व्हिकारांच्या अनुमतीनें एक सूचना ठेवतों. नवी समिति नेमूं नये. समित्या आपल्याकडे पुरेशा आहेत. प्रत्येक वाड्यांतून दोन माणसें, शक्य तर एक स्त्री व एक पुरुष, एवढींच हवीं. वाड्यांत एकटीं राहणारीं वृद्ध माणसें, ज्यांच्या घरीं वर्षभरांत मरण झालें तीं घरें, आणि ज्यांचे कमावते बाहेरदेशीं आहेत तीं घरें, यांच्याकडे त्यांनीं आठवड्यांतून एकदां जावें. उपदेश करूं नये, प्रार्थनेचा आग्रहहि धरूं नये. बसावें, चहा दिला तर घ्यावा. पुनः कधीं साथ आली व जाणें अशक्य झालें, तर फाटकाबाहेर उभें राहून रोज हांक मारावी, आणि आंतून उत्तर आल्याशिवाय हलूं नये.

यादी करून कार्यालयांत ठेवली आहे. चार वाड्यांची माणसें ठरलीं. तळ्याकडच्या वाड्यास अद्याप स्त्री मिळालेली नाहीं. आमच्या स्वतःच्या वाड्यांतून पहिलें नांव आलें तें त्या परिचारिकेच्या आईचें. येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर कार्यालयांत नांवें घेतलीं जातील. वही आमच्याकडेच असेल.